पाणाड्याचा नारळ, माझं मशीन आणि स्ट्रिंग थिअरी

काटोलकडच्या एका संत्रा बागायतदाराचा मुलगा नागपुरात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो विचारतो: "बाबांनी बोअरची जागा पाहायला नारळवाला पाणाड्या बोलावलाय. मी म्हटलं, हे विज्ञान नाही, सिद्ध करता येत नाही. बाबा म्हणाले, तुझी ती स्ट्रिंग थिअरी तरी कुठे कोणी सिद्ध केलीय? मला उत्तर सुचलं नाही. तपासता येणारं विज्ञान आणि नुसत्या कल्पना यांत रेघ ओढायची कुठे?"

राग मानू नकोस, पण तुझ्या विधानापेक्षा तुझ्या बाबांचा प्रश्न सरस आहे. मी 31 वर्षं भूजलाच्या कामात काढली, बहुतेक नागपूर जिल्ह्यातच. रेझिस्टिव्हिटी मीटर (जमीन विजेला किती अडवते ते मोजणारं मशीन), चार खुंट्या, वायरची रिळं आणि एक हातोडी घेऊन काटोल, नरखेड, कळमेश्वर, हिंगणा, उमरेड, भिवापूर पालथं घातलं. त्यामुळे आधी नारळाबद्दल बोलतो. स्ट्रिंग थिअरी, म्हणजे सगळे मूलकण अतिसूक्ष्म कंपणाऱ्या तारांचे बनलेत ही कल्पना, माझा प्रांत नाही, तरी शेवटी तिथेही जाऊ.

पहिली दुरुस्ती तुझ्याच वाक्यात. पाणाड्याचा दावा तपासता येत नाही असं तू म्हणालास, ते चूक. तो अगदी सहज तपासता येतो, आणि तपासून झालाय. 1987-88 मध्ये जर्मनीत म्युनिकजवळ एका दुमजली कोठारात मोठा प्रयोग झाला. खालच्या मजल्यावर सरकवता येणारा पाण्याचा पाइप, वरच्या मजल्यावर पाणाड्या; पाइप कुठे आहे ते त्याने वरून सांगायचं. सुमारे 500 जणांतून 43 निवडले आणि त्यांच्या 843 चाचण्या घेतल्या. बहुतेकांची उत्तरं अंदाजपंचे निघाली. प्रयोग करणाऱ्यांना त्यातल्या मोजक्या लोकांत काहीतरी आहे असं वाटलं, पण पुढे 1999 मध्ये जिम एनराइट यांनी तेच आकडे पुन्हा उलगडून दाखवलं की एका फेरीत चमकलेल्यांना दुसऱ्या फेरीत तसं जमलं नव्हतं. तेव्हा दावा तपासला गेला आणि पडला. तपासता न येणं ही वेगळीच गोष्ट आहे. ती कशी जन्माला येते ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

नरखेड तालुक्यातलं एक गाव, एप्रिलचा महिना. मी सर्व्हेला गेलो तर शेतमालकाने आधीच पाणाड्याही बोलावून ठेवलेला. साठीचा माणूस, पायात काही नाही, तळहातावर आडवा नारळ, शेंडी बोटांकडे. तो चालायचा, नारळ थरथरायचा आणि मग उभा राहायचा. तिथे चुन्याची फक्की टाकायची. अशा पाच खुणा झाल्या. मी म्हटलं, काका, आता डोळे बांधून याच शेतात पुन्हा फिरता का? गडी मानी होता, लगेच तयार झाला. मालकाच्या दुपट्ट्याने डोळे बांधले, दोन गिरक्या दिल्या आणि हात धरून शेतात फिरवलं. या खेपेला नारळ सहा ठिकाणी उभा राहिला. त्यातली एक जागा जुन्या खुणेपासून हातभर अंतरावर होती, बाकी पाच कुठल्याच खुणेच्या आसपास नव्हत्या. गंमत अशी की जमलेलं अख्खं गाव त्या एकाच जागेकडे बोट दाखवायला लागलं. "पाहा सायेब, आली का नाई?" उरलेल्या पाचांकडे कोणी बघेना.

मी त्या पाचांबद्दल विचारलं, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "डोये बांधले का झरा रुसते, सायेब."

तो माणूस लबाड नव्हता, हे आधी स्पष्ट करतो. नारळ खरंच उठतो आणि तो मुद्दाम उठवत नाही. मनात अपेक्षा असली की हाताचे स्नायू आपल्या नकळत बारीक हालचाल करतात; एकोणिसाव्या शतकापासून हे माहीत आहे. पण त्या एका वाक्याने काय झालं ते बघ. सकाळी दावा होता, "पाणी असेल तिथे नारळ उठतो." दुपारी तो झाला, "पाणी असेल तिथे नारळ उठतो, झरा रुसला नसेल तर." आणि झरा रुसला की नाही हे कळायची खूण एकच, नारळ चुकला तर. आता हा दावा जगातला कोणीच पाडू शकत नाही. सकाळी जे तपासता येत होतं ते दुपारी तपासण्यापलीकडे गेलं, आणि मधे बदललं फक्त एक वाक्य. तुला रेघ हवी होती ना? ती विषय आणि विषय यांच्यामध्ये सापडायची नाही. तीच रेघ एकाच माणसाच्या सकाळ-दुपारमधून जाते.

दुसरी पळवाट याहून साधी: मोघम बोलायचं. "इथं पाणी लागेल" या वाक्याला आपल्याकडे फारसा अर्थच नाही. नागपूरच्या पश्चिमेला, तुमच्या काटोलकडे, बेसाल्टचे थर एकावर एक चढलेले आहेत. वर माती, मग मुरूम, मग झिजलेला मांजऱ्या खडक, खाली काळा फत्तर, अधूनमधून लाल गेरूसारखा पट्टा. पावसाळ्यानंतर त्या वरच्या झिजलेल्या थरात कुठेही खोदा, थोडंफार पाणी असतंच. डोळे मिटून दगड भिरकावला तरी "पाणी लागेल" हे भाकीत बऱ्याचदा खरं ठरेल. शेतकऱ्याला हवं असतं वेगळंच: किती फुटांवर, किती इंच धारेचं पाणी, आणि संत्र्याला आंबिया बहारात, ऐन मे महिन्यात ते टिकेल का. नारळ यातलं काहीच बोलत नाही. आणि लागलेली बोअर लग्नाकार्यात दहादा सांगितली जाते. फेल गेलेल्या बोअरवर दगड ठेवला की विषय संपतो.

जुनं ते अवैज्ञानिक, असा घाईचा निष्कर्ष मात्र काढू नकोस. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत जमिनीखालच्या पाण्यावर एक आख्खा अध्याय आहे, दकार्गल नावाचा. त्यात तो सांगतो, जांभळाच्या झाडाच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर झाडाच्या दक्षिण बाजूला दोन पुरुष खोलीवर गोड पाणी लागेल. एक पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाएवढी खोली. बघ, झाड कोणतं, वारूळ कोणत्या बाजूला, खणायचं कुठे, किती खोल, पाणी गोड की खारं, सगळं सांगून टाकलंय. खणलं आणि तसं निघालं नाही, तर वराहमिहिर चुकला, विषय मिटला. यातली प्रत्येक ओळ बरोबर आहे असं मी म्हणत नाही. विशिष्ट झाडं उथळ पाण्याशी जोडलेली असतात हे खरं, पण माती आणि खडक बदलला की हिशेब बदलतो. तरी बोलण्याची ही रीत मला नारळापेक्षा माझ्या रिपोर्टला जवळची वाटते.

माझ्या रिपोर्टचं निघालंच आहे तर तेही सांगतो. कळमेश्वरकडे एका शेतात मी मशीन लावलं, आलेख काढला, जागा दिली. बोअर 250 फुटांपर्यंत कोरडी ठाक, नुसती धूळ उडाली. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, "स्थानिक विषमतेमुळे अपेक्षित जलधारक स्तर आढळला नाही." म्हातारा शेतकरी मराठी चौथी शिकलेला. त्याने ते वाचून घेतलं आणि म्हणाला, "सायेब, त्यायचा झरा रुसते. तुमचा काय रुसला?"

त्या रात्री झोप नीट लागली नाही. कारण तो बरोबर होता. "स्थानिक विषमता" हे माझं रुसणं होतं. मशीन हातात आहे, ओहम-मीटरमध्ये आकडे येतात, म्हणून ते विज्ञान, असं मी धरून चाललो होतो. दुसऱ्या दिवशी गांधीसागरजवळच्या एका दुकानातून दोनशे पानी रजिस्टर आणलं आणि बोअरची गाडी लागायच्या आधी लिहायला लागलो: मुरूम किती फूट, पक्का खडक कितीपासून, पाणी कोणत्या थरात, अंदाजे किती. तारीख घालून खाली शेतकऱ्याची सही. बोअर झाली की समोर प्रत्यक्षातले आकडे.

दोन-तीन वर्षांनी ते रजिस्टर चाळलं तर चित्र स्वच्छ होतं. वरचा झिजलेला थर किती जाड, हे मी बहुतेक ठिकाणी बरोबर सांगत होतो. पण दोनशे-तीनशे फुटांखालच्या भेगांबद्दलचे माझे अंदाज नाणं उडवल्यापेक्षा फार बरे नव्हते. कारणही पुस्तकात होतं, मीच ते गंभीरपणे घेतलं नव्हतं. आपण जमिनीत वीज सोडतो ती खोलीबरोबर पसरत जाते. तीनशे फुटांवरची दोन फुटांची भेग वरच्या आकड्यात जवळपास काहीच फरक पाडत नाही. शिवाय एकाच आलेखातून थरांच्या दोन-तीन वेगवेगळ्या रचना काढता येतात. सगळ्याच आकड्यांत बसतात, त्यातली खरी कोणती हे आलेख सांगत नाही. तेव्हापासून खोल बोअरबद्दल कोणी विचारलं की मी सांगायचो, हे माझ्या मशीनला दिसत नाही, तुमच्या हिमतीवर करा. धंदा थोडा कमी झाला. काही जण नारळवाल्याकडे गेले, कारण तो कधी "दिसत नाही" म्हणायचा नाही.

आता तू म्हणशील, शास्त्रज्ञही भाकीत चुकलं की नवं काहीतरी जोडतातच की. जोडतात. त्यात फरक कसा ओळखायचा ते एकाच माणसाच्या दोन गोष्टींतून कळतं. युरेनस ग्रह गणिताप्रमाणे चालत नव्हता. फ्रान्सच्या ल व्हेरिए यांनी न्यूटनला टाकून दिलं नाही. ते म्हणाले, पलीकडे न दिसलेला एक ग्रह याला ओढतोय. ऐकायला हेही रुसण्यासारखंच. पण त्यांनी आकाशातली जागा दिली आणि बर्लिनच्या वेधशाळेला पत्र धाडलं, दुर्बीण इकडे लावा. 23 सप्टेंबर 1846 च्या रात्री गाले यांनी लावली, आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. पुढे बुध ग्रहाची कक्षाही गणिताला जुमानेना. ल व्हेरिए यांनी 1859 मध्ये तीच युक्ती पुन्हा केली, सूर्याजवळ आणखी एक ग्रह आहे म्हणाले. त्याचं नावही ठरलं, व्हल्कन. लोकांनी ग्रहणांमध्ये वर्षानुवर्षं शोधला, नाही सापडला. शेवटी 1915 मध्ये आइन्स्टाइनने शतकाला 43 विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) तो फरक ग्रहाशिवाय, गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडून सोडवला. दोन्ही वेळा ल व्हेरिए यांनी दुरुस्तीच केली होती, पण ती दुरुस्ती स्वतः तपासायला खुली होती. म्हणूनच एक टिकली आणि दुसरी गेली. झरा रुसण्याला दुर्बीण कुठे लावणार?

आता बाबांच्या प्रश्नाकडे, म्हणजे आज तपासता न येणाऱ्या कल्पनांकडे. यासाठी मी तुला कामठीला नेतो. आपल्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात मिशनरी म्हणून आले आणि फावल्या वेळात दगड फोडत हिंडले. कामठी, सिलेवाडा या भागातल्या वालुकाश्मात त्यांना पानांचे जीवाश्म मिळाले. त्यातलं ग्लॉसोप्टेरिस हे जिभेसारखं, मधे ठसठशीत शीर असलेलं पान आजही नशीब असेल तर हातोडीच्या एका घावात उघडं पडतं. दोन बोटांत मावेल एवढी शिळा, आणि तिच्यावर पंचवीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच्या शिरांची जाळी मोजता येते. माझ्या टेबलावर एक आहे, बायको तिला पेपरवेट म्हणते.

हेच पान आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात आणि अगदी अंटार्क्टिकातही सापडलं. मधे हजारो किलोमीटर समुद्र. मग एक गट म्हणाला, या खंडांमध्ये जमिनीचे पूल होते, ते बुडाले. जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी 1912 मध्ये म्हटलं, पूल नव्हते, खंडच एकत्र होते आणि नंतर सरकले. त्या वेळी ही कल्पना नुसती तरंगत होती. सरकवणारं बळ कोणतं, याला वेगेनरनी दिलेलं उत्तर गणितात टिकलं नाही, ते बळ फारच तोकडं पडत होतं. पण त्यांनी एक गोष्ट केली. ग्रीनलंड युरोपपासून दूर जातंय, रेखांश पुन्हा पुन्हा मोजा, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या हाती आलेला वेग वर्षाला कित्येक मीटर होता, जो साफ चुकीचा निघाला. तेव्हाची मोजमापंच तेवढी कच्ची. तरी मोजायला कुठे जायचं, हे त्यांनी पहिल्या दिवसापासून सांगून ठेवलं होतं.

खरा पुरावा पुढे आपल्या पायाखालून आला. लाव्हा थंड होताना त्यातले लोहकण तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेत गोठतात, आणि त्या क्षेत्राचा जमिनीशी असलेला कोन अक्षांशाप्रमाणे बदलतो. म्हणजे दगडाचा कोन मोजला की तो कुठल्या अक्षांशावर थंड झाला ते कळतं. 1950 च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दख्खनच्या लाव्हाचा कोन मोजला. सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या दगडाची आहे, त्याच लाव्हाचा हा प्रचंड पसारा, वय सुमारे 6.6 कोटी वर्षं. उत्तर आलं, हा दगड विषुववृत्ताच्या दक्षिणेला थंड झालाय. आज आपण तो अक्षांश ढोबळमानाने 30 अंश धरतो. नागपूर आज 21 अंश उत्तरेला आहे. पूल बुडाल्याने दगडाचा अक्षांश बदलत नाही. आणि आता तर जीपीएसवर भारताचं ईशान्येकडे सरकणं वर्षाला सुमारे 5 सेंटीमीटर असं थेट मोजता येतं.

म्हणून, एखादी कल्पना आज तपासता येत नाही एवढ्यावरून तिला नारळाच्या रांगेत बसवू नकोस. गुरुत्वीय लहरींचं, म्हणजे अवकाशातून पसरणाऱ्या गुरुत्वाकर्षणाच्या तरंगांचं, भाकीत 1916 चं, पकडल्या गेल्या सप्टेंबर 2015 मध्ये. आता त्या पकडणारी एक वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला उभी राहायची आहे.

स्ट्रिंग थिअरीवाल्यांची अडचण मोठी आहे. त्यांच्या तारा ज्या ऊर्जेला थेट दिसाव्यात ती जिनिव्हाच्या कण आदळवणाऱ्या महाकाय यंत्रापेक्षा साधारण दहाच्या पंधराव्या घाताइतकी पट जास्त आहे. शिवाय समीकरणांतून दहाच्या पाचशेव्या घाताइतकी वेगवेगळी विश्वं निघू शकतात म्हणतात. एवढी उत्तरं देणारा सिद्धांत कुठल्याही निरीक्षणात बसवता येईल, ही भीती खरी आहे, आणि ती बाहेरच्यांना नव्हे, भौतिकशास्त्रज्ञांनाच सतावते. ते यावर आपापसांत उघड भांडतात. माझं मत विचारशील तर हे सुंदर गणित आहे, भौतिकशास्त्र म्हणून अजून उमेदवारी करतंय. तेव्हा बाबांना सांग, अर्धा मुद्दा तुमचा. उरलेला अर्धा असा की स्ट्रिंगवाला "अजून तपासलेलं नाही" असं स्वतः सांगतो आणि फुटामागे पैसे घेत नाही.

या बाबतीत जयंत नारळीकरांचं उदाहरण मला फार आवडतं. त्यांनी 2008 मध्ये पुण्यात नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसोबत ज्योतिषांची चाचणी घेतली. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या मिळून 200 पत्रिका, प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या 40. कोणती कुणाची ते ओळखायचं. 27 जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी 46 टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर 50 च्या आसपास आलं असतं. पण याच नारळीकरांनी ज्या स्थिर विश्वाच्या सिद्धांताची (विश्वाला सुरुवातच नाही, ते कायम असंच आहे) बाजू आयुष्यभर लढवली, त्यालाही 1965 मध्ये सापडलेल्या विश्वव्यापी सूक्ष्मलहरींनी जबर धक्का दिला, कारण त्या विश्वाच्या तप्त सुरुवातीची उरलेली धग मानल्या जातात. त्यांनी आणि त्यांचे गुरू, ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ हॉइल यांनी पुढे तो दुरुस्त करून मांडला, बहुतेकांना पटला नाही. मलाही ती दुरुस्ती जरा ताणलेली वाटते. तरी त्या सिद्धांताला धक्का बसू शकला, कारण त्याने आधी छाती पुढे काढून काही ठोस सांगितलं होतं.

तर आता तुमच्या बोअरचं. पाणाड्या येणारच असेल तर येऊ दे, बाबांशी भांडू नकोस. गाडी शेतात यायच्या आधी एक कागद घे. पाणाड्याला तीन गोष्टी विचार: जागा, किती फुटांवर आणि किती इंच पाणी. तो "लागेल" एवढंच म्हणाला तर तसंच लिही. भूजलवाला बोलावलास तर त्याचे आकडे वेगळ्या रकान्यात, आणि कोणत्या खोलीखाली मला दिसत नाही हेही त्याच्याकडून लिहून घे. तिसरा रकाना तुझा: शेजारच्या शेतांतल्या सगळ्या बोअर, फेल गेलेल्या धरून, किती फुटांवर काय लागलं. माझा अनुभव असा की हा तिसरा रकानाच सगळ्यात कामाचा निघतो, आणि तो कोणीच भरत नाही. एका बोअरवरून काही ठरणार नाही, हे मात्र आधीच कबूल करून टाका, नाहीतर लागली तर तो जिंकला आणि फेल गेली तर तू, असा तमाशा होईल. तारीख घाला, सह्या घ्या. आणि बोअरमध्ये उतरवायचे केसिंगचे पाइप स्वतः उभं राहून मोज. बिलात गाडीवाल्याचे फूट नेहमी जास्त भरतात.